थरथरता हात आणि हातातला फोन

११ एप्रिल हा दिवस जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांचा हा जन्मदिवस. त्यांनी १८१७ साली थरथर कापणाऱ्या रुग्णांविषयी एक छोटा प्रबंध लिहिला आणि पुढे या आजाराला त्यांचेच नाव मिळाले. आयुर्वेदात त्याला कंपवात म्हणतात. आपल्या सीमाभागातल्या घरांत मात्र नावाआधी लक्षण सांगितले जाते. मराठी आजी म्हणते, ‘हात थरथरतोय गं’. कन्नड अज्जी म्हणते, ‘कै नडगतैती’. काही घरांत ‘वारं गेलंय’ असे ठरवून भलत्याच उपचारांत वर्ष-दोन वर्षे निघून जातात. मग कधीतरी मिरज, कोल्हापूर, हुबळी नाहीतर बेंगळूरच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे ही माणसे पोचतात.

गेल्या काही वर्षांत या आजारासाठी मोबाइल ॲप्स निघाली आहेत. गोळीची आठवण करून देणारी, थरथर मोजणारी, रोजच्या तब्येतीची नोंद ठेवणारी. परगावी नोकरी करणारी मुले मोठ्या हौसेने ती आईवडिलांच्या फोनमध्ये घालून देतात. आमच्या कॉलेजमधून निवृत्त झालेल्या एका सरांना हा आजार आहे. त्यांच्या घरी जाता-येता माझ्या मनात आले, की ज्यांच्यासाठी हे सारे बनवले, त्यांना ते खरोखर हवे आहे का? म्हणून गेल्या काही महिन्यांत बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणी भागातल्या काही घरांत मी जाऊन बसले, रुग्णांशी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांशी बोलले. त्यांची नावे इथे देत नाही. पण जे ऐकले, ते अशा प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे असे वाटते.

घड्याळाशी बांधलेला आजार

आधी थोडे आजाराविषयी. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. हालचाल सुरळीत होण्यासाठी हे द्रव्य लागते. या आजारात त्या पेशी हळूहळू कमी होत जातात. मग हाताला कंप सुटतो, अंग आखडते, प्रत्येक कामाला वेळ लागतो, अक्षर बारीक होते, आवाज खाली जातो. सगळ्यांनाच कंप असतो असेही नाही. १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले आणि खुर्चीला खिळलेली माणसे चालू लागली. आजही हेच मुख्य औषध आहे. आजार त्याने बरा होत नाही, पण दिवस निभावतो.

खरी अडचण वेळेची आहे. सुरुवातीला एका गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो. आजार जुना होईल तसा तो लवकर ओसरू लागतो. गोळी लागू पडली की माणूस स्वतः उठतो, भाकरी मोडून खातो, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. परिणाम उतरला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. डॉक्टर या अवस्थांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. खानापूरकडच्या एका आजोबांनी मला तेच त्यांच्या शब्दांत सांगितले, ‘लाइट आली, लाइट गेली. आमच्या गावची लाइट आणि माझं अंग, दोन्हींचा नेम नाही.’

ही लाइट कधी येते आणि कधी जाते, हे डॉक्टरांना कळले तर गोळीची मात्रा आणि वेळ नीट बसवता येते. पण डॉक्टरांकडे रुग्ण जातो तीन-चार महिन्यांनी, आणि भेट मिळते दहा-पंधरा मिनिटांची. त्यातही अनेक रुग्ण डॉक्टरांसमोर नेमके बरे चालून दाखवतात! घरचे लोक ‘घरी असं नसतं हो’ म्हणत राहतात. मधल्या दिवसांची हकिकत डॉक्टरांपर्यंत पोचवणे, हा या ॲप्सचा खरा उपयोग. स्वीडनमध्ये सारा रिग्गारे नावाच्या एक अभियंता आहेत. त्यांना पार्किन्सन्सची लक्षणे कुमारवयातच दिसू लागली होती. त्या एक हिशेब मांडतात. वर्षात डॉक्टरांच्या सहवासात एखादा तास जातो, उरलेले साडेआठ हजारांवर तास रुग्णाने स्वतःच आजार सांभाळायचा असतो. फोनवर बोटाने टिचक्या मारण्याची साधी चाचणी दिवसातून अनेकदा करून त्यांनी स्वतःच्या औषधाच्या वेळा अभ्यासल्या आणि पुढे याच विषयावर नेदरलँड्समधून २०२२ साली पीएच.डी. मिळवली.

‘गाडीचं लॉगशीट लिहीत होतो की!’

रिग्गारेबाईंच्या पंथातले एक गृहस्थ मला निपाणीत भेटले. तीस वर्षे सरकारी बस चालवून निवृत्त झालेले. मुलीने फोनमध्ये ॲप घालून दिले, तेव्हापासून गोळी घेतली की ते एक खूण करतात, आणि अंग जड झाले की दुसरी. मी विचारले, कंटाळा नाही येत? तर म्हणाले, ‘गाडीचं लॉगशीट लिहीत होतो की मॅडम, आता या गाडीचं लिहायचं.’ दीड महिन्याने मुलीने तो तक्ता पाहिला. रोज साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान लाल खुणा. डॉक्टरांनी तक्ता पाहून एकच प्रश्न विचारला, नऊची गोळी कशाबरोबर घेता? उत्तर होते, न्याहारीच्या उसळीबरोबर, वर पेलाभर दूध. प्रथिने आणि लेव्होडोपा यांची शरीरात शिरण्याची वाट एकच असते. दोघे एकदम आले की औषध मागे पडते. ती गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची ठरली आणि दुपारचा तो तास बराच हलका झाला.

पण त्यांचे पुढचे वाक्य मला जास्त महत्त्वाचे वाटले. ‘डॉक्टरांनी बघितलं म्हणून बरं. त्यांनी बघितलं नसतं तर मी कशाला लिहिलं असतं?’

परदेशातला अनुभवही असाच आहे. ब्रिटनमध्ये २१५ रुग्णांना घेऊन १६ आठवड्यांची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना ॲप दिले होते त्यांनी गोळ्या अधिक नेमाने घेतल्या आणि डॉक्टरांशी होणारे बोलणे सुधारले असेही त्यांना वाटले. त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांनी शेवटपर्यंत ॲप वापरले. याउलट अमेरिकेत २०१५ साली ‘एमपॉवर’ नावाचे संशोधनाचे ॲप निघाले. फोन खिशात ठेवून चालायचे, पडद्यावर टिचक्या मारायच्या, ‘आऽऽ’ असा लांब आवाज काढायचा, अशा चाचण्या त्यात होत्या. नऊ हजारांहून अधिक लोकांनी आपली माहिती संशोधकांना खुली केली. पण बहुतेकांनी थोड्याच दिवसांत ते उघडणे सोडून दिले. माहिती घेतली जाते पण आपल्या पदरात काही पडत नाही, असे वाटले की माणूस थांबतो. तो निपाणीचा असो की न्यूयॉर्कचा.

हजेरी कोणी घ्यायची?

टिळकवाडीतले एक निवृत्त शिक्षक. मुलगा बेंगळूरला चांगल्या नोकरीत. त्याने बाबांच्या फोनमध्ये असे ॲप घातले, की बाबा दिवसाला किती पावले चालले, गोळीची खूण केली की नाही, हे सारे त्याला तिकडे दिसावे. हेतू चांगलाच. पण महिन्याभरात घरात धुसफूस सुरू झाली. ‘बाबा, काल चालणं कमी झालं’, ‘बाबा, चारची गोळी दिसत नाही’, असे फोन येऊ लागले. सर मला म्हणाले, ‘पस्तीस वर्षं मी पोरांची हजेरी घेतली. आता माझा पोरगा माझी घेतोय.’ त्यांनी यावर उपाय शोधला तो असा, की फिरायला जाताना फोन टेबलावर ठेवून जायचे. मग पावले शून्य, आणि बेंगळूरला घबराट! त्यांच्या पत्नी कन्नडभाषक. त्या बिचाऱ्या दोघांच्या मध्ये. ‘फोन इल्ले बिट्टु होगतार, नोड्री. मुलाला काय सांगू मी?’

यात बापाचा हट्ट आहे असे वरवर वाटेल. मला तसे वाटत नाही. या आजारात माणसाच्या हातून एकेक गोष्ट निसटत जाते. सदऱ्याची बटणे, सही, स्कूटर, बँकेचे व्यवहार. अशा वेळी आपण आज किती चाललो हे कुणाला सांगायचे आणि कुणाला नाही, एवढा तरी अधिकार आपल्याकडे असावा असे वाटले तर ते चुकीचे कसे? शेवटी त्या घरात तोडगा निघाला. सर पडले तरच मुलाला आपोआप सूचना जाईल. बाकीचा तक्ता दर रविवारी संध्याकाळी सर स्वतः व्हिडिओ कॉलवर मुलाला दाखवतील, आणि काय विचारायचे ते मुलाने तेव्हाच विचारायचे. आता फोन फिरायला बरोबर जातो.

पर्समध्ये वाजणारा गजर

वडगावच्या विणकर गल्लीतली गोष्ट वेगळी. अज्जींनी उभे आयुष्य मागावर साड्या विणल्या. आता त्याच हातांना कंप आहे. घरात स्मार्टफोन एकच, तो सुनेचा, आणि सून दिवसभर दुकानात कामाला. दवाखान्यात कुणीतरी ॲप घालून दिले. गजर दुपारी एक वाजता नेमाने वाजतो, पण दोन किलोमीटरवर, सुनेच्या पर्समध्ये! सून गिऱ्हाईक बाजूला ठेवून शेजारणीला फोन करते, शेजारीण दारातून ओरडून विचारते, ‘अज्जी, गुळिगी तगोंड्रेन्री?’ गंमत वाटते ऐकायला, पण अशी घरे कमी नाहीत. ॲप बनवणारा गृहीत धरतो की एक माणूस, एक फोन. आपल्याकडे फोन अनेकदा घराचा असतो.

या घराला ॲपपेक्षा जुन्या गजराच्या घड्याळाचा आणि चार कप्प्यांच्या डबीचा जास्त उपयोग झाला. सुनेने सकाळी गोळ्या डबीत भरून ठेवायच्या, संध्याकाळी कप्पे रिकामे झाले का पाहायचे. अज्जी आता शेजारणीच्या हाकेची वाट पाहत बसत नाहीत. शेजारीण मात्र अजून एक वाजता डोकावते, दोघींना सवय झाली आहे.

किती थरथरलीस, असे रोज विचारायचे?

खानापूरच्या एका बाईंनी ॲप काढूनच टाकले. ते रोज रात्री विचारायचे, आज थरथर किती, झोप कशी, मन उदास आहे का, एक ते पाचमध्ये खूण करा. त्या म्हणाल्या, ‘दिवसभर भजनात, नातवंडात मी आजार विसरते. हे रात्री मुद्दाम आठवण करून देतं. आणि खूण कालच्यापेक्षा वाईट पडली की झोप उडते.’ उदासी आणि चिंता ही या आजाराचीच लक्षणे आहेत, त्यामुळे त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. नोंद ठेवल्याने कुणाला धीर येतो, कुणाचा जातो. या बाईंनी फोनवर गजर तेवढा ठेवला. शिवाय त्या रोज एक अभंग मोठ्याने म्हणून फोनवर ध्वनिमुद्रित करतात आणि ऐकतात. आवाज खाली गेला की नाही ते त्यांना स्वतःला कळते. मोठ्याने वाचणे, म्हणणे हा या आजारात आवाजासाठी सांगितला जाणारा व्यायामच आहे. म्हणजे त्या फोनच्या विरोधात नाहीत, त्यांना रोजची परीक्षा नको आहे.

‘नडुक’ म्हणजे नेमके काय?

आता आपल्या दोन भाषांच्या घरांचा खास प्रश्न. मी पाहिलेल्या फोनमधली ॲप्स इंग्रजीत होती. रुग्ण मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगतो, मुलगा किंवा सून इंग्रजीत भरते, तेही बहुधा रात्री, कामावरून आल्यावर, अंदाजाने. इथे एक धोका आहे. औषध कमी पडले की कंप सुटतो. उलट काही वर्षे औषध घेतलेल्यांना, औषध जोरात असताना, अंगाला आपोआप हेलकावे बसतात, मान-खांदे वळवळतात. डॉक्टरांच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. आपण मात्र दोन्हींना ‘थरथर’ म्हणतो, नाहीतर ‘नडुक’. चुकीच्या चौकटीत खूण पडली तर जिथे औषध कमी करायला हवे तिथे ते वाढण्याची भीती.

यावर सोपा उपाय आहे, आणि तो बहुतेक घरांत आधीच उपलब्ध आहे. फोनचा कॅमेरा! त्रास होत असताना अर्ध्या मिनिटाचे चित्रण करावे, गोळी किती वाजता घेतली होती ते त्यात बोलून ठेवावे, आणि डॉक्टरांना दाखवावे. ‘पाय चिकटतात’ म्हणा की ‘काल हिडकोंडंग आगतद’ म्हणा, मिरजेच्या डॉक्टरांना आणि हुबळीच्या डॉक्टरांना ते सारखेच दिसेल. मात्र चित्रण रुग्णाला विचारून करावे, आणि ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरवू नये. त्या अवस्थेत आपण कसे दिसतो याची रुग्णाला फार लाज वाटत असते.

थरथरत्या बोटाने पडदा दाबताना एकदा दाबायचे ते तीनदा दाबले जाते, ही सर्वांचीच तक्रार. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाचा भाग असतो, तिथे स्पर्शाचा कालावधी वाढवता येतो, अक्षरे मोठी करता येतात. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत बोलून टाइप करण्याची सोय गूगलने २०१७ साली आणली. पण आवाज खोल गेलेल्यांचे बोलणे फोनला समजतेच असे नाही. म्हणून सकाळी गोळी लागू असताना करून पाहावे.

फोनशिवायही

मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरचे काम इथे आठवते. त्यांच्या काकांना हा आजार होता. सपाट जमिनीवर काकांचे पाय अडायचे, पण जिना ते सहज चढायचे. हे पाहून त्यांनी जमिनीवर जिन्याचा भास होईल असे चित्र अंथरले, आणि काका त्यावरून चालत गेले. हे त्यांनी नुसते निरीक्षण करून साधले. आपल्याकडेही उंबऱ्यापाशी पाय अडत असेल तर जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारून पाहाव्यात. अनेकांना त्याचा उपयोग होतो.

फोनने दिलेली आणखी एक गोष्ट जवळपास सर्वांना आवडली, ती म्हणजे सोबत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. कोविडच्या काळात, २०२० पासून, अशा सभा फोनवर होऊ लागल्या आणि लांबच्या रुग्णांनाही आपल्यासारखी माणसे पडद्यावर भेटू लागली. आपल्या भागात मराठी-कन्नड असा एकत्र गट कुणी सुरू केला तर किती बरे होईल!

ॲप घ्यायचे असेल तर अवश्य घ्यावे. पण फुकट ॲप आपल्या आजाराची माहिती कुठे पाठवते हे घरातल्या जाणत्याने पाहावे. अमेरिकेत गुडआरएक्स या कंपनीला ग्राहकांची औषधांची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याबद्दल २०२३ साली १५ लाख डॉलर दंड झाला. त्याच वर्षी आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, तरी सावध आपणच राहायचे. ॲपवर काहीही दिसले तरी गोळ्यांची मात्रा आपल्या मनाने बदलू नये, आणि अचानक बंद तर मुळीच करू नये. त्याने जिवाला धोका होऊ शकतो.

आणि ॲप घालण्याआधी ज्याचा आजार आहे त्याच्याजवळ दहा मिनिटे बसावे. तुम्हाला यातले काय हवे, कोणाला काय दिसलेले चालेल, रोज विचारलेले आवडेल का, हे त्यांच्या भाषेत विचारावे. निपाणीच्या ड्रायव्हरकाकांना तक्ता हवा होता, टिळकवाडीच्या सरांना रविवारची संध्याकाळ, वडगावच्या अज्जींना डबी आणि खानापूरच्या बाईंना अभंग. आजार एकच, पण प्रत्येकाची गरज निराळी निघाली, आणि ती सांगायला चौघेही तयार होते. फक्त कुणी विचारले नव्हते.